आठ सिलिंडरांची पाठवणी

अक्का नावेतून उतरली तेव्हा तिच्या हातात पिशवी नव्हती, कढई होती.

दिवाळी सुरू व्हायची होती. मी घाटावर म्हैस धूत होतो. माझी थोरली बहीण शालन, तिला आम्ही अक्का म्हणायचो, समोरच्या काठावर तळघाटला दिलेली. आमची उंबरवाडी अलीकडं, तळघाट पलीकडं आणि मधे कृष्णा. नामू आंबीची नाव दिवसभर माणसं इकडून तिकडं करायची. अक्का भाऊबीजेला यायची होती, ती फराळ व्हायच्या आधीच आली. नामूचा चेहरा बघून वाटलं, वाटेत कुणी कुणाशी बोललेलं नाही.

"अक्का, दाजी कुठायत?"

"तेलात," असं म्हणून ती घाट चढून गेली.

घरी आबा ओसरीवर दोरासाठी वाख वळत बसले होते. अक्कानं कढई त्यांच्यापुढं ठेवली.

"वास घ्या."

आबांनी वाकून वास घेतला. "ग्रीस?"

"चकलीचं तेल हाय ते, आबा. त्यात ह्यांनी पिस्टन तळले."

झालं होतं ते असं. पिस्टनात पिन बसवायची तर पिस्टन आधी गरम तेलात तापवून घ्यावा लागतो. दाजी मिस्त्री होते, त्यांना हे ठाऊक. स्वयंपाकघरात तेल आयतं तापलेलं. अक्का सोऱ्या भरायला कोठीच्या खोलीत गेली आणि परत येऊन बघते तर कढईत चकल्या नाहीत, पिस्टन. दाजी झाऱ्यानं ते उलटसुलट करत उभे.

"मी म्हणलं, अहो हे काय! तर मला म्हणतात, जरा थांब, दुसरा घाणा निघू दे."

आबा कडक माणूस. त्यांना हसू आलं ते त्यांनी खोकल्यात घालवलं. आईला तेही जमलं नाही, ती उठून आत गेली.

आमचे दाजी हिंदुराव मिस्त्री. तळघाटच्या फाट्यावर त्यांचं वर्कशॉप. ट्रॅक्टर, जीप, मळणीयंत्र, काहीही आणा. माणूस कमी बोलायचा आणि बोलला तरी इंजिनाविषयी. गणपतीच्या सुमारास ते कुठल्याशा धरणावर गेले आणि येताना उसाच्या ट्रॉलीत एक जेट बोट घालून आले. तिथं कुणी तरी पर्यटकांसाठी खेळ काढला होता, तो बुडाला आणि सामान लिलावात निघालं. बोटीचं बूड तडकलेलं, सीटवर उंदरांचं बाळंतपण झालेलं, आणि मागं आठ सिलिंडरांचं परदेशी इंजिन गंजून घट्ट बसलेलं. बोट अंगणात ठेवायला तुळशीवृंदावन हलवलं. मग इंजिनाचे भाग घरात शिरले. फ्रीजमधे दुधाशेजारी व्हॉल्व्हच्या नळ्या, थंड करून बसवायच्या म्हणून. शोकेसमधे, आमच्या आईनं दिलेल्या कपबश्यांच्या मधोमध, कॅमशाफ्ट. अक्कानं हे सगळं सोसलं. कढईला मात्र तिचा धीर सुटला.

"जत्रंत ट्रॅक्टर पळवून हौस भागंना, म्हणून आता नदीत मिरवायचंय ह्यास्नी," ती म्हणाली. "संपत, तू जा आणि सांग त्यांना. त्या डब्याचं इंजिन चालू झालं की त्याच डब्यातनं मला न्यायला या म्हणावं. तवर तोंड दावू नका."

इंजिन चालू होईल असं तेव्हा दोन्ही काठांवर कुणालाच वाटत नव्हतं. अक्कालाही नाही. तिला म्हणायचं होतं ते कुठल्याही नवऱ्याला कळलं असतं. मी नावेतून गेलो, वर्कशॉपात उभा राहिलो आणि निरोप जसाच्या तसा सांगितला.

दाजींनी पान्हा खाली ठेवला. नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, "नुसतं चालू होऊन चालंल, का लोडवर पायजे?"

"दाजी, ती रागावलीया."

"ते कळलं. म्हणूनच इचारतोय. एकदा न्यायला गेलो आन् वाटंत बंद पडलं तर?"

मी परत येऊन हे सांगितलं तेव्हा आबा म्हणाले, "बरं बोलला. बोट वाटंत बंद पडली तर पोरगी परत इथंच येईल. मग मी काय पाठवत न्हाई. त्यालाही सांग."

तेही सांगितलं. दाजींनी मान हलवली, जणू कामाची अट ठरली.

*

पुढचे दिवस मी नावेतच काढले म्हणा. इकडचा फराळाचा डबा तिकडं, तिकडचा निरोप इकडं. दाजींनी बोट अंगणात पालथी घातली, बूड घासलं, तडे भरले, वर काचेचं कापड आणि राळ चढवून ते असं गुळगुळीत केलं की त्यांच्या आईनं त्यावर मिरच्या वाळत घातल्या. दाजींना काम करायचं तर आधी मिरच्या गोळा कराव्या लागायच्या. हात तसाच डोळ्याला लागायचा. मी जावं तेव्हा त्यांचे डोळे लाल. गावात बोलवा उठली की मिस्त्री बायकोसाठी रडतोय. त्यांनी ती खोडून काढली नाही.

इंजिनाचा सांगाडा ते कोल्हापूरला उद्यमनगरात घेऊन गेले आणि सिलिंडर नव्यानं घासून आणले. कॅमशाफ्ट असा घडवून घेतला की व्हॉल्व्ह जास्त उघडेल. हेड छिलून घेतलं, दाब वाढावा म्हणून. चार जुन्या मोटारींचे कार्बोरेटर एका ओळीत बसवले. मूळ इंजिनापेक्षा याची ताकद दीडपट होणार, असं ते मला समजावून सांगायचे.

"एवढी ताकद कशाला, दाजी? नदी तर एवढीशी."

"कायम एवढीशी नसतीया," ते म्हणाले आणि पुन्हा इंजिनात डोकं घातलं.

जेट बोट म्हणजे काय, हे आमच्या भागात समजावणं सोपं होतं. नदीवर पाणी उपसायची मोटर समजा. बोटीच्या बुडाला भोक असतं. त्यातून पंप पाणी आत ओढतो आणि मागच्या नळकांड्यातून जोरानं फेकतो. पाणी मागं गेलं की बोट पुढं जाते. नळकांडं वळवलं की बोट वळते. पण रेस सोडली की पाणी फेकणं बंद, आणि मग वळणंही बंद. सुकाणू किती का फिरवा, बोट नाकासमोर जाते. ब्रेक नसतो.

मार्गशीर्षात एका सकाळी पलीकडून सुरुंग उडाल्यासारखा आवाज आला. आमच्या म्हशीनं दावं तोडलं. मागोमाग तडतड, फटफट, मधेच बार. इंजिन बोटीबाहेर लोखंडी घोडीवर चालू केलं होतं आणि सायलेन्सर असा काही नव्हताच, आठ नळ्या आभाळाकडं तोंड करून. पाण्यावरून आवाज कसा येतो, काठावरच्या माणसाला सांगायला नको.

अक्का भाकरी थापत होती. तिचा हात थांबला.

"सहाच चालतायत."

"काय सहा?"

"सिलिंडर. आठातले सहा कमावतायत, दोघं नुसते बसून खातायत. सांग जा त्यांना."

"तू बोलत न्हाईस ना त्यांच्याशी?"

"मी कुठं बोलतीया? तू बोल."

मी गेलो. दाजींनी ऐकलं, हाताचं बोट ओलं केलं आणि एकेका नळीला लावून बघितलं. सहा नळ्यांवर चर्र झालं. दोन गार.

"दोन गार हाईत," ते म्हणाले. शाळेत पोराचा नंबर आल्यावर बाप जसा बघतो तसे ते नदीपलीकडं बघत होते. "अजून काय म्हणली?"

"काही नाही."

"बरी हाय न्हवं?"

"बरी आहे."

"कान चांगले ठेव म्हणावं."

तिथून ते सुरूच झालं. इकडं अक्का चुलीपुढं बसून ऐकायची, तिकडं दाजी पान्हा घेऊन उभे, आणि मधे मी आणि नामू. आज आवाज जड येतोय, पेट्रोल जास्त पितंय. आज ठिणगी उशिरा पडतीया. आज बरं होतं, मग मधेच का बंद केलं? शेवटच्या प्रश्नाला दाजींचं उत्तर आलं, "जेवायला गेलतो." त्यावर अक्कानं विचारायला लावलं, "काय खाल्लं?" त्या दिवशी नामूनं माझ्याकडून पैसे घेतले नाहीत. म्हणाला, "असल्या कामाचं घेत न्हाई."

आबा मात्र तडकले. "तू माहेरी आलीयास का वर्कशॉपला?"

"राग वेगळा आन् काम वेगळं, आबा," अक्का म्हणाली. "चुकीचं वाजतंय ते ऐकवत न्हाई मला."

माघात एका दुपारी पुन्हा आवाज आला. या वेळी बार नाही, तडतड नाही. खोल, सलग घुमणारा. देवळात घंटा वाजवून झाल्यावर मागं राहतो ना, तसा, पण न संपणारा. अक्का तव्यासमोर बसून राहिली. भाकरी जळली. आईनं ती उलथण्यानं काढली तरी तिला कळलं नाही. मग ती उठली, कोनाड्यातली कढई काढली आणि मागच्या दारी चिंच लावून घासायला बसली.

आबा बाहेरून आले. "काय झालं?"

"आठ झाले," आई म्हणाली.

*

न्यायला येण्याच्या दिवशी आमच्या घाटावर जत्रा. पलीकडच्या घाटावरही तेवढीच. नामूनं आपली नाव बाजूला बांधून ठेवली होती, आज त्याला गिऱ्हाईक नव्हतं.

पलीकडं इंजिन घुमलं आणि बोट निघाली. लाल रंग, पांढरा पट्टा, पुढं झेंडूचा हार. मागून पाण्याचा फवारा घराएवढा. दाजी नदीच्या मध्यावर आले तेव्हा त्यांचा चेहरा दिसला, आणि एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. या माणसानं इंजिन दोन महिने घोडीवर चालवलं होतं. बोट पाण्यात आज पहिल्यांदाच घातली होती.

घाट जवळ आला. बैल बिथरला की कासरा ओढायचा, ट्रॅक्टर बिथरला की रेस सोडायची, हे आमच्याकडं आईच्या दुधाबरोबर मिळतं. दाजींनी रेस सोडली. सुकाणू गरागरा फिरवलं. बोट नाकासमोर आली. पायरीवरच्या बायका धुण्यासकट उठल्या. बोट घाट चुकवून शेजारच्या चिखलावर चढली, घसरत वर आली आणि आबांच्या वैरणीच्या गंजीला टेकून थांबली. वरून दोन पेंढ्या दाजींच्या मांडीवर पडल्या.

आबा काठी टेकत पुढं झाले. "जावई, होडी इथं लावत न्हाईत."

"चुकलं, मामा." दाजी उतरून पाया पडले. अंगात नवा सफारी. चार महिन्यांत पोट चांगलंच सुटलेलं.

"आमची पोर नसताना अंग धरलंय की!" आबा म्हणाले.

दाजी लाजल्यासारखे झाले. सफारीचं बटण चाचपलं.

पंधरा-वीस गड्यांनी बोट ढकलत पाण्यापर्यंत नेली. नेताना आबा वाकून बुडाचं भोक बघत होते. बघता बघता त्यांचं शेतकऱ्याचं डोकं जागं झालं.

"हिला जाळी न्हाई?"

"होती. काढली. जाळीनं पाणी अडतं, ताकद मरतीया."

"माझ्या मोटरीला जाळी न्हाई बसवली तर कचरा घुसतोय."

"ती मोटर झाली, मामा. ही जेट बोट हाय. पाणी कापत जाती. कचरा गाठंस्तवर ही पुढं."

अक्का आली. हिरवं लुगडं, कपाळाला मोठं कुंकू, एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात घासून लखलखीत केलेली कढई. दाजींकडं तिनं बघितलं नाही, थेट इंजिनाकडं बघितलं. आठही नळ्यांवरून नजर फिरवली. मग बोटीत चढली. लेक माहेराहून निघाली की सोबत मुऱ्हाळी लागतो. भाऊ म्हणून मी मुऱ्हाळी, मी मागच्या सीटवर बसलो. बोटीत वल्हं दिसेना म्हणून विचारलं, तर दाजी दुखावले. "जेट बोटीत वल्हं?"

"थांबा, थांबा!" घाटावरून आई ओरडली.

आमच्याकडं लेक नदी ओलांडून सासरी निघाली की आधी कृष्णामाईची ओटी भरतात. आई गुडघाभर पाण्यात उतरली. हळदकुंकू वाहिलं, खण, नारळ आणि घडीचं हिरवं लुगडं ओंजळीनं बोटीच्या नाकापुढं सोडलं आणि हात जोडले. "माई, लेकीला सांभाळ गं." सगळ्या बायकांनी हात जोडले. अक्कानं जोडले, मी जोडले. दाजींनी एक हात सुकाणूवरून काढून छातीला लावला आणि दुसऱ्या हातानं किल्ली फिरवली.

आठही वाजले. बोट नाक उचलून निघाली. काठावरनं शिट्ट्या. नदीच्या मध्यापर्यंत आम्ही वाऱ्यासारखे गेलो असू. मग बुडाखालून घशात घास अडकल्यासारखा आवाज आला. बोटीला एक हिसका बसला. इंजिन गुरगुरलं आणि बंद पडलं.

एवढी शांतता झाली की आमच्या घाटावरचं आईचं बोलणं ऐकू आलं. "काय झालं वो?"

मग आबांचं. "ओटी गिळली त्यानं."

*

दाजींनी किल्ली फिरवली. इंजिन कण्हलं. पुन्हा फिरवली.

"बास," अक्का म्हणाली. चार महिन्यांतला तिचा त्यांच्याशी पहिला शब्द. "बॅटरी मरंल."

दाजींनी हात काढला.

माघातली कृष्णा म्हणजे काही पूर नव्हे. आम्ही वाहत होतो ते म्हशीच्या चालीनं. पण खाली बंधारा होता आणि त्यावरून पाणी पडत होतं. त्याचा आवाज आत्ता ऐकू यायला लागला, इतका वेळ इंजिनापुढं कुठला ऐकू येणार? वल्हं नव्हतंच. मी अक्काच्या हातातून कढई घेतली आणि एका बाजूनं वल्हवायला लागलो. बोट जागच्या जागी गोल फिरली.

"दोन्हीकडनं मार की, मुऱ्हाळी!" तळघाटच्या काठावरून कुणी तरी ओरडलं.

दोन्ही काठांवरची माणसं आमच्याबरोबर चालत येत होती. आम्ही नदीतून, ती काठावरून, चाल एकच. दोन्ही काठांवरून सल्ले येत होते. पेट्रोल हाय का बघा. वायर हलवून बघा. मारुतीला नारळ बोला. "नारळच अडकलाय मर्दा," कुणी तरी म्हणालं आणि अख्खा काठ हसला. बाजूनं आबा काठी आपटत चालत होते.

"संपत! तिला परत आण! अट मोडलीया! ऐकतोस का?"

मी कढई मारत राहिलो.

एवढ्यात नामूनं आपली नाव सोडली आणि आमच्या शेजारी आणली. दोर हातात घेऊन तो उभा राहिला. त्यानं दाजींना विचारलं नाही, मला विचारलं नाही.

"अक्का, कुठल्या काठाला ओढू?"

काठावरची दोन्ही गावं जागच्या जागी थांबली. आबाही.

दाजी सुकाणू धरून खाली बघत होते. अक्कानं नामूला हातानं थांबवलं आणि प्रथमच नवऱ्याकडं वळली.

"आधी मला एक सांगा. हे घेतलंच कशाला तुमी? मिरवायला?"

"न्हाई."

"मग?"

बंधाऱ्याचं पाणी ऐकू येत होतं.

"बोला की. घरात माझ्या कढईपर्यंत आला तुमचा डबा. का, ते तरी कळू द्या."

"संपतच्या पोराच्या बारशाला," दाजी म्हणाले आणि थांबले.

हे सांगायला हवं. त्याच्या मागच्या श्रावणात माझ्या मुलाचं बारसं होतं. आत्या म्हणून पाळण्यात नाव अक्कानं ठेवायचं. तिनं नाव ठरवलेलं, मनगट्या शिवलेल्या. आदल्या दिवशी नदी चढली. नामूची नाव बंद, लांबच्या वळशाचा पूलही पाण्याखाली. मोबाईल तेव्हा नव्हते. अक्का त्यांच्या घाटावर उभी राहिली, आमच्या दारातलं सनई-चौघडा लावलेला कर्णा ऐकत. ऐन वेळी चुलत आत्या वत्सला पाळण्यापाशी बसली आणि अक्कानं ठरवलेलं नाव तिला ठाऊक नसल्यानं तिला आवडणारं ठेवून मोकळी झाली. सुकुमार. आज तो तालमीत जातो आणि त्याचं वजन नव्वद किलो आहे.

"तू दिवसभर घाटावर उभी होतीस," दाजी म्हणाले. "मनगट्या हातात घेऊन."

"तुमी कुठं होता?"

"मागं. चिंचंखाली."

"मग पुढं का आला न्हाई?"

"येऊन काय करणार होतो? मला पोहता येत न्हाई." त्यांनी सुकाणूवरचा हात उचलून पुन्हा तिथंच ठेवला. "इंजिन करता येतं. म्हणलं, पुरात उलटं चढंल असं करायचं. पंखा न्हाई, झाडझुडपात अडकत न्हाई..."

"अडकत न्हाई," अक्का म्हणाली.

"लुगड्याचा हिशेब नव्हता धरला."

ती त्यांच्याकडं बघत राहिली. मग तिची नजर त्यांच्या पोटावर गेली. तिनं बोटानं ते दाबून बघितलं. पोट आत गेलं आणि बाहेर आलं. तिनं सफारीचं बटण काढलं. आत काळा रबर. स्कूटरची ट्यूब हवा भरून कमरेला घातली होती.

"असं हाय व्हय," ती म्हणाली. "पोहता येत न्हाई, ट्यूब घालून आलासा, आन् वल्हं न्हाई घेतलं?"

"वल्हं घेतलं तर इंजिनावर भरवसा न्हाई असं दिसतं."

"ट्यूब घेतली की!"

"ती आतनं हाय."

अक्कानं हात पुढं केला. "किल्ली."

"आं?"

"किल्ली द्या. मी खाली असताना तुमी फिरवायला नको."

किल्ली तिनं पदराच्या टोकाला गाठ मारून बांधली, काष्टा खोचला आणि दाजींनी हात पुढं करेपर्यंत पाण्यात उडी घेतली. दाजींच्या तोंडून जो आवाज आला तो कुठल्याच इंजिनाचा नव्हता. ते कठड्यावरून निम्मे खाली वाकले. मी मागून ट्यूबला धरून बसलो, नाही तर ते गेले असते.

"अहो दाजी, नदीत वाढलीय ती! लहानपणी बंधाऱ्यावरनं उड्या मारायची."

"दिसंना झालीय!"

"बोटीखाली आहे, कशी दिसेल?"

ती वर आली तेव्हा हातात नारळ होता. तो तिनं बोटीत टाकला. काठावरून एक आरोळी उठली. पुन्हा खाली गेली, खण घेऊन वर आली. त्याचे तीन तुकडे झालेले. दुसरी आरोळी. तिसऱ्या वेळी तिनं ओटीतल्या हिरव्या लुगड्याचं टोक दाजींच्या हातात दिलं. "ओढा. हळू. विहिरीवर दोर ओढल्यागत."

दाजी ओढायला लागले. नऊवारी लुगडं एका पंपातून निघायचं म्हणजे काय, हे बघितल्याशिवाय कळणार नाही. हाताखाली हात, हाताखाली हात, हिरवं कापड येतच होतं. काठावरची माणसं "हो" म्हणत होती, तालमीत दंड मोजतात तसं. नामू दोर सोडून हसत बसला होता. बंधारा एव्हाना समोर दिसायला लागला होता आणि मला हसायला फुरसत नव्हती, कढई मारत होतो.

शेवटचं टोक आलं. अक्का वर चढली, पदर पिळला, किल्ली सोडून दाजींना दिली.

"चालू करा."

दाजींनी किल्ली फिरवली. इंजिन कण्हलं, थांबलं. पुन्हा कण्हलं आणि धरलं. सगळा काठ ओरडला, पण मी अक्काकडं बघत होतो. तिनं मान कलती केली होती.

"सातवा जरा..."

"व्हय," दाजी म्हणाले. "पाणी गेलंय. सुकंल."

"सुकू दे."

नामूनं हाक मारली, "अक्का, मग? सांगितलं न्हाईस की!"

"नामूदादा, दोर गुंडाळा," ती म्हणाली. मग आमच्या काठाकडं तोंड करून तिनं दोन्ही हात तोंडापाशी नेले. "आबा! इंजिन चालू हाय! मी जातीया!"

आबांनी काठी वर केली. रागानं का निरोपाला, ते एवढ्या लांबून कळलं नाही. त्यांनीही नंतर कधी सांगितलं नाही.

तळघाटचा घाट जवळ आला तशी अक्का दाजींना म्हणाली, "सरका." दाजी सरकले. तिनं सुकाणू धरलं. "रेस सोडायची न्हाई, एवढंच न्हवं?"

"सोडायची न्हाई," दाजी म्हणाले आणि डोळे मिटून ट्यूब धरून बसले.

*

पुढच्या वर्षी श्रावणात मला मुलगी झाली. बारशाच्या दिवशी कृष्णा देवळाच्या पायरीला लागलेली, पूल बुडालेला, नामूची नाव झाडाला बांधलेली. आई सकाळपासून दारात. वत्सलाआत्या इस्तरीचं लुगडं नेसून पाळण्याच्या आसपास घोटाळत होती. मग पुराच्या घोंगाटात दुसरा आवाज आला आणि आबा उठून उभे राहिले. त्यांनी आधी वैरणीची गंजी हलवायला सांगितली.

बोट आली. बुडाला जाळी बसवलेली, आत दोन वल्ही, आणि दाजींच्या कमरेला सफारीच्या वरून, सगळ्यांना दिसेल अशी, ट्यूब. अक्का उतरली आणि सरळ पाळण्यापाशी गेली. वत्सलाआत्या बाजूला झाली. बाहेर दाजींनी इंजिन बंद केलं नव्हतं. ओलीत बंद केलं तर परत धरंल याची खात्री नाही म्हणाले. सगळं घर हादरत होतं, ताटातल्या घुगऱ्या नाचत होत्या. अक्का पाळण्यावर वाकली आणि पोरीच्या कानात नाव सांगितलं.

"काय ठेवलं गं?" आईनं विचारलं.

अक्कानं सांगितलं. ऐकू आलं नाही. पुन्हा सांगितलं. आबा ओरडले, "अरे त्याला बंद कर म्हणावं! पोर दचकंल!"

सगळ्यांनी पाळण्यात बघितलं. पोरगी मुठी मिटून गाढ झोपली होती.

"न्हाई दचकत," अक्का म्हणाली. "आठही चालतायत."